अहवालांतील आलेख आणि आंब्याचे बागाईतदार

गणपतीपुळें, मालगुंड व नेवरें या किनाऱ्यालगतच्या गांवांत जांभ्या कातळावर ज्यांनीं हापूसचीं कलमें वाढविलीं, त्यांस हिशेब नवा नाहीं. परंतु अलीकडे विक्री करणाऱ्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत कोष्टकांची जागा रंगीत आलेख घेऊं लागले आहेत. आणि शीतगृहासाठीं कर्ज काढावें कीं नाहीं, बाग करारानें द्यावी कीं नाहीं, हे प्रश्न त्यांच्याच आधारें सभेपुढें येतात. म्हणून आलेख कसा वाचावा याचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहों.

व्यापाराचे आंकडे रेषांनीं व स्तंभांनीं दाखविण्याची रीत विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रथम पद्धतशीरपणें योजिली. चढउतार एका दृष्टिक्षेपांत कळतो हा तिचा गुण. डोळा तितक्याच सहज फसतो हा दोष. समजा, पेटीचा सरासरी भाव गतवर्षीं २,००० रुपये होता व यंदा २,१५० झाला. वाढ साडेसात टक्क्यांची. पण स्तंभांचा पाया शून्याऐवजीं १,९०० वर धरला, तर यंदाचा स्तंभ अडीचपट उंच दिसतो! एकही आंकडा खोटा न लिहितां वाचकाची समजूत खोटी करतां येते ती अशी. स्तंभ पाहण्यापूर्वीं बाजूची मोजपट्टी कोठून सुरू होते तें पाहावें.

सरासरीचेंही तसेंच आहे. मार्चांत १०० पेट्या ४,००० रुपयांनीं, एप्रिलांत ४०० पेट्या २,५०० रुपयांनीं व मेमध्यें ५०० पेट्या १,५०० रुपयांनीं गेल्या असें धरूं. तीन भावांची नुसती सरासरी २,६६७ रुपये येते. हातीं पडलेल्या एकंदर रकमेस हजार पेट्यांनीं भागिलें तर २,१५० च. पहिल्या आंकड्यावर कर्जाचा हप्ता बांधणारा पेटीमागें पांचशेंहून अधिक रुपयांनीं फसेल. शिवाय पेटी हें एक ठराविक माप नव्हे. तींत चार डझन मोठीं फळें मावतात, तशीं सहा डझन लहानही मावतात. यंदा फळ मोठें आलें असल्यास पेटीचा भाव त्यामुळेंच चढेल, आणि अहवाल त्याचें श्रेय विक्रीव्यवस्थेस देईल. फळाच्या आकारमानाप्रमाणें निरनिराळ्या रेषा काढल्याखेरीज हें उघड होत नाहीं.

रेषा खालीं गेली याचा अर्थ लावणें त्याहून कठीण. २०२० च्या मोसमांत टाळेबंदीमुळें बाजारपेठेची वाट अडली. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यास तौक्ते चक्रीवादळानें झाडावरचें फळ पाडलें. आलेखांत दोन्ही खळगे सारखेच दिसतील. पण एकास उपाय विक्रीच्या निराळ्या मार्गाचा, दुसऱ्यास विम्याचा. त्यांतून हापूस वर्षाआड धरणारा, म्हणून भरघोस वर्षाची तुलना लगतच्या रित्या वर्षाशीं करणें आम्हांस व्यर्थ वाटतें. दोन दोन वर्षांची बेरीज घ्यावी.

याच जिल्ह्यांतील कोतळूक येथें जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणांत हेंच केलें. सरकारचे शिलकेचे आंकडे त्यांनीं नाकारले नाहींत. ती शिलक रयतेच्या भरभराटीची नसून, चढे कर आणि १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर नेलेला रुपयाचा दर यांची आहे, असें त्यांनीं दाखविलें. सभासदांनींही सभेंत हाच प्रश्न विचारावा: वाढ झाली ती कशामुळें?

देवदर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंस दारांत वा रस्त्यालगत विकलेल्या पेट्या संस्थेच्या अहवालांत येतच नाहींत. ज्याची बरीच विक्री अशी होते, त्यानें चौकटीच्या वहींत आपला आलेख आपणच काढावा. आडव्या ओळींत फेब्रुवारीपासून जूनपर्यंतचे आठवडे, उभ्या ओळींत शून्यापासून रुपये; बाजारांत पाठविलेल्या मालाची रेषा काळ्या शाईनें, दारांतल्या विक्रीची तांबड्या शाईनें. बाजारच्या भावांतून अडत, हमाली व भाडें आधीं वजा करावें.