दिवाळीत पास, वैशाखात नापास

वैशाखात भरदुपारी जालन्याच्या रस्त्याने उघड्या डोक्याचा माणूस चाललेला दिसला, तर तो परगावचा आहे असे खुशाल समजावे. आम्ही इथले लोक डोक्याला रुमाल गुंडाळल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. पण जी काळजी मी स्वतःच्या डोक्याची घेतली, ती भाच्याच्या संगणकाच्या डोक्याची घेतली नाही. त्याचीच ही हकिगत.

तीन वर्षांपूर्वीची भाऊबीज. माझे संगणक-दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे आणि भाचा लग्नाच्या चित्रफिती जुळवून देण्याचा धंदा करतो. बहिणीने ओवाळले, मी ताटात ओवाळणी घातली. जेवणे झाल्यावर सुपारी कातरत बसलो, तेव्हा भाचा हळूच जवळ सरकला.

"मामा, आईला ओवाळणी झाली. मला काय?"

"बोल, काय पाहिजे?"

"माझ्या यंत्राचा वेग वाढवून द्या. पैसाही लागत नाही म्हणे."

बिनपैशाची ओवाळणी कोणत्या मामाला नको असेल? मी तिथल्या तिथे बाह्या सरसावल्या.

त्याने मागितलेल्या गोष्टीला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तिचे मर्म सोपे आहे. प्रोसेसर एका ठोक्यावर चालतो. मदरबोर्ड मूळ ठोका देतो, बहुधा सेकंदाला १० कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झ. प्रोसेसर त्याला ठराविक आकड्याने गुणतो. गुणक ४५ असेल तर वेग ४.५ गिगाहर्ट्‌झ. गुणक ४६ केला की वेग ४.६. कारखानदार प्रत्येक चिपला वाईटातल्या वाईट परिस्थितीत झेपेल असा वेग ठरवून देतो, त्यामुळे बऱ्याच चिपांत थोडा दम शिल्लक राहतो. तो वापरून घेणे, इतकाच हा उद्योग.

पूर्वी हा शिल्लक दम भलताच असे. १९९८ साली निघालेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा स्वस्त प्रोसेसर. मूळ ठोका ६६ वरून १०० केला की तो बहुधा ४५० वर बिनतक्रार धावे. शेकडा पन्नास नफा! आता ते दिवस गेले. आजचा प्रोसेसर थंडावा आणि वीज मिळताच आपला वेग आपणच चढवतो. हाताने आणखी शेकडा पाचसात मिळाले तरी पुष्कळ समजावे.

त्या भाऊबिजेला मला तेवढे मिळाले. खोलीत २६ अंश होते. पूर्ण कामाला जुंपल्यावर चिप ८४ अंशांवर स्थिरावली. तिची मर्यादा १०० ची. दोन तास कसोटी चालली, यंत्र डगमगले नाही. ग्राफिक्स कार्डाचाही वेग वाढवला. भाचा खूश, बहीण खूश आणि मामा तर काय, मिशीला पीळ देत घरी आला.

वैशाखात ऐन लग्नसराईत भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला. काम दिवाळीपूर्वीपेक्षा मंद चालले होते, आणि तयार झालेल्या एका चित्रफितीत नवरीच्या चेहऱ्यावर हिरव्या-जांभळ्या चौकटी उमटल्या होत्या. मूळ चित्रण दुसऱ्या डिस्कवर होते म्हणून निभावले. नाहीतर काय करणार होतो? नवरा-नवरीला पुन्हा बोहल्यावर उभे करता येत नाही.

जाऊन पाहिले. भाच्याची खोली पत्र्याची. आत ४१ अंश. म्हणजे दिवाळीपेक्षा १५ जास्त. आता साधा हिशेब करा. चिपची उष्णता शेवटी खोलीतल्या हवेलाच द्यायची असते; हवा जितकी तापली तितकी चिपही ढोबळमानाने वर चढते. ८४ आणि १५ मिळून ९९. त्यात पंख्याच्या जाळीत सहा महिन्यांची धूळ. चिप १०० ला टेकली आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करू लागली. वाढवलेला वेग उन्हाने खाल्ला, वर मुद्दलालाही हात घातला. ग्राफिक्स कार्डाची स्मृतीही तापून चुकू लागली; त्या चौकटी तिच्याच. दोष यंत्राचा नव्हता. परीक्षा मी दिवाळीत घेतली आणि पेपर वैशाखाचा निघाला!

ज्या गावात रोलिंग मिल आहेत तिथल्या माणसाला हे कळायला हवे होते. आमच्या औद्योगिक वसाहतीत लालबुंद सळई पाण्याच्या फवाऱ्यातून जाते, तेव्हा तिची वरची कातडी कठीण होते. सळई वेगाने सोडली आणि पाणी तेवढेच ठेवले, तर कातडीला हवा तेवढा कठीणपणा येत नाही. वेग वाढवायचा तर थंडावाही वाढवायचा. तोच कायदा चिपलाही लागू आहे, आणि तिथे तो जास्त कडक आहे. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग शेकडा ५ वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही शेकडा ५ वाढवावे लागले, तर वीज व उष्णता वाढते ती जवळजवळ शेकडा १६!

म्हणून व्होल्टेजला हात लावताना शंभरदा विचार करावा. जादा उष्णतेने चिप वेग कमी करते, पण जादा व्होल्टेज तिला आतून झिजवते. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, हे कंपनीने मान्य केले, दुरुस्ती पाठवली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. कारखान्यातूनच जास्त व्होल्टेज गेले तर ही गत, मग हौशी हाताने किती जपावे!

इतके ऐकूनही ज्याला हौस भागवायची आहे, त्याने निदान रीतीने भागवावी. आधी कामाच्या फायलींची दुसरी प्रत ठेवावी. यंत्राला ही मुभा आहे का ते पाहावे: इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' अक्षर आणि 'झेड' जातीचा मदरबोर्ड लागतो, ए.एम.डी.चे बहुतेक रायझन मोकळे असतात, पण 'ए' जातीचा मदरबोर्ड चालत नाही. लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नये. त्यात हवा खेळायला जागाच नसते. ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान सहसा हमीत बसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पंखे व जाळ्या झाडाव्यात, थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावावी, अर्थिंग तपासून घ्यावे. आणि हो, पाण्याच्या कूलरचा झोत यंत्रावर सोडू नये. दमट हवेबरोबर उडणाऱ्या तुषारांनी आत क्षारांची पुटे चढतात.

मग मूळ वेगावर तापमान मोजून वहीत लिहावे. बायोसमध्ये गुणक एकाने वाढवावा, व्होल्टेज तसेच ठेवावे. सिनेबेंच किंवा प्राइम९५ चालवून बघावे, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहावे. टिकले तर पुढची पायरी. यंत्र अडले तर एक पायरी मागे यावे आणि तिथेच थांबावे. यंत्र सुरूच झाले नाही तरी घाबरू नये. वीज पूर्ण तोडून मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काही मिनिटे काढून ठेवला की बायोस बहुधा मूळ पदावर येतो.

ग्राफिक्स कार्डासाठी आफ्टरबर्नर हे फुकट मिळणारे साधन पुरे. आधी गाभ्याचा वेग २५ मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी वाढवावा, मग स्मृतीचा शंभराच्या पायऱ्यांनी. दोन्ही एकदम नव्हे, नाहीतर चूक कुणाची ते कळत नाही. पडद्यावर ठिपके वा चौकटी दिसल्या की मागे फिरावे. काही कार्डांची स्मृती चुकले तर चूक आपणच सुधारत बसते. ठिपके दिसत नाहीत, पण काम मंदावते. म्हणून डोळ्यांवर न विसंबता प्रत्येक पायरीला काम किती वेळात होते ते मोजावे.

आणि शेवटचा नियम माझ्या पदरच्या अनुभवाचा. दिवाळीत मोजलेल्या तापमानात आपल्या उन्हाळ्याचा फरक मिळवावा आणि वर पाच अंश धुळीचे धरावेत. बेरीज मर्यादेच्या आत बसली तरच पास म्हणावे. माझी बेरीज भरली असती १०४. एका चिठोऱ्यावर पाच मिनिटांत कळले असते.

भाच्याच्या यंत्राचे पुढे काय केले? वेग मूळ पदावर आणला. एवढेच नव्हे, व्होल्टेज जरा जरा करून कमी केले आणि दर पायरीला तशीच कसोटी घेतली. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. चिप थंड राहते, म्हणून भर उन्हाळ्यातही आपला मूळ वेग सोडत नाही. यंत्र पत्र्याच्या खोलीतून आतल्या स्लॅबच्या खोलीत हलवले. तेव्हापासून त्याने दोन लग्नसराया निमूट काढल्या.

गेल्या भाऊबिजेला भाच्याने विचारले, "मामा, यंदा आणखी थोडा वेग?"

मी म्हणालो, "वैशाखात ये. तेव्हा बोलू."