खरें नाणें, खोटें नाणें

मराठींत खरेपणाचें वर्णन करावयाचें झालें कीं नाण्याचीच उपमा पुढें येते. चोख माणसाला बंदा रुपया म्हणतात. संशयाची गोष्ट वाजवून घ्यावी असें सांगतात. ही भाषा रूढ झाली तेव्हां खोटें नाणें म्हणजे बाजारांत खपविण्यासाठीं केलेला हिणकस रुपया. चांदीचे रुपये आणि तांब्याच्या शिवराया व्यवहारांतून केव्हांच गेल्या. आतां त्यांचें मोल धातूपेक्षां दुर्मिळतेवर ठरतें. त्यामुळें फसवणुकीचें स्वरूपहि पालटलें. आजचा नकली कारागीर सराफाला नव्हे, तर संग्राहकाला फसवितो. आणि त्यासाठीं प्रसंगीं तो खरी चांदीहि वापरतो, कारण दुर्मिळ नाण्याच्या किमतीपुढें तोळाभर चांदी म्हणजे कांहींच नव्हे. ‘चांदी खरी म्हणून नाणें खरें’ हा जुना निकष येथें अपुरा पडतो.

मग पाहावें तरी काय? नाण्यावरचें चित्र नकलतां येतें. त्याची घडण नकलणें फार कठीण. पारखी माणूस म्हणून चित्राआधीं घडण पाहतो.

खरें नाणें ठोकून तयार होतें. दोन कठीण ठशांमध्यें धातूची चकती ठेवून आघात केला म्हणजे धातु ठशाच्या खोलगट भागांत जोरानें शिरतो आणि अक्षरांच्या कडा रेखीव उमटतात. स्वस्त नकल मात्र ओतीव असते. खऱ्या नाण्यावरून सांचा घेऊन त्यांत वितळलेला रस ओततात. तो निवतांना आकसतो, म्हणून ओतीव नाणें मुळापेक्षां किंचित् लहान भरतें. हवा अडकून पृष्ठभागावर बारीक छिद्रें राहतात; अक्षरें वापरलेल्या साबणावरील अक्षरांसारखीं बोथट दिसतात; सांच्याचे दोन अर्धे जुळतात तेथें कडेवर रेघ राहते. ती रेघ कानशीनें घांसली तर कानशीची खूण राहते. दहापट मोठें दाखविणारें साधें भिंग एवढें पाहण्यास पुरे.

शिवराईचें उदाहरण घ्यावें. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें असतात. ती हातानें ठोकलेली. चकती नेमकी गोल नसे, आणि ठसाहि बहुधा चकतीहून मोठा असे. त्यामुळें कोठें ‘श्री’ अर्धा कापला जाई, तर कोठें ‘पति’ कडेबाहेर राही. दोन अस्सल शिवराया सर्व अंगांनीं सारख्या मिळणें जवळजवळ अशक्य. तेव्हां दोन नाण्यांवर एकाच जागीं तोच खांचा, तोच ओरखडा आणि तीच तुटकी कड दिसली, तर दोन्ही एकाच सांच्यांतून निघालीं असें समजावें. शिवरायाच्या सोन्याच्या होनाबाबत तर अधिकच सावध राहावें. तीन ग्रॅमहून कमी वजनाचें हें इवलेंसें नाणें अत्यंत दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. शिवाय अस्सल शिवराईबरोबर खोटी हकीकतहि विकली जाते. याच अक्षरांच्या शिवराया महाराजांच्या मागें पेशवाईंतहि पडत राहिल्या. म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातींतली नव्हे.

यंत्रावर पाडलेल्या रुपयांची गोष्ट निराळी. १८३५ पासून कंपनीनें एकरूप रुपया सुरूं केला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११·६६ ग्रॅम, आणि त्यांत बारांपैकीं अकरा भाग चांदी. झिजेनें वजन थोडें कमी होतें, परंतु धातूची घनता बदलत नाहीं. ती घरींहि काढतां येते. बारीक वजनें दाखविणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. मग नाणें दोऱ्यानें पाण्यांत असें टांगावें कीं तें तळाला वा बाजूला टेकणार नाहीं. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घन सेंटिमीटर नाण्याचें आकारमान. नाण्याच्या वजनास त्या आंकड्यानें भागावें. पूर्ण वजनाच्या अस्सल रुपयास काटा सुमारें १·१३ दाखवितो, म्हणजे घनता १०·३ येते. तेवढ्याच वजनाचा तांबें व निकल यांचा रुपया १·३१ च्या आसपास दाखवील, आणि त्याचें बिंग फुटेल.

लोहचुंबकाचा उपयोगहि समजून करावा. चांदीचा रुपया चुंबकास चिकटला तर तो खोटा. परंतु १९४७ चा रुपया निकलचाच असल्यामुळें तो चिकटतो, आणि तोच त्याचा खरेपणा. १९४० पासून रुपयांतील चांदी निम्म्यावर आली. तेव्हां नकलेस आळा बसावा म्हणून दातेरी कडेच्या मधोमध नक्षीची खोबण घालण्यांत आली. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे. १९३८ मधील आठाचा नऊ करणें कारागिरास अवघड नाहीं. अशा वेळीं धातु, वजन, घडण सर्व कांहीं खरें, खोटा फक्त एक आंकडा. म्हणून दुर्मिळ वर्षाचा शेवटचा आंकडा भिंगाखालीं अवश्य पाहावा.

जर्मनींतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) यानें तर पुरातन नाण्यांचे ठसे स्वतःच्या हातानें कोरले, आणि कित्येकदां झिजलेल्या अस्सल प्राचीन नाण्यांवरच तो ते ठोकीत असे. अशा ठिकाणीं काटाहि मुका होतो. नवेपणा जावा म्हणून तो नाणीं लोखंडाच्या किसाबरोबर पेटींत घालून घोडागाडींतून हिंडवीत असे, असें सांगतात. अशा कारागिरापुढें उपाय एकच : संशयित नाणें खात्रीच्या संग्रहांतील नाण्यांशीं, अक्षराच्या वळणा-वळणानें, ताडून पाहणें.

कांहीं नाणीं मात्र कशाचीच नक्कल नसतात. ईस्ट इंडिया कंपनीचें नांव, १६१६ किंवा १८१८ असें वर्ष, आणि मागें रामदरबार वा हनुमान अशीं तांब्यापितळेचीं नाणीं ‘चमत्कारी’ म्हणून हजारों रुपयांस विकलीं जातात. कंपनीनें अशीं नाणीं कधींच पाडलीं नाहींत. १६१६ सालीं कंपनीजवळ सुरतेसारख्या ठिकाणच्या वखारी होत्या. मुंबई बेटहि तिच्या हातीं १६६८ मध्यें आलें. येथें भिंग नको, काटा नको. शालेय इतिहास पुरतो. तरीहि निवृत्तीची पुंजी अशा नाण्यांपायीं गमावणारे लोक निघतात, कारण मोह इतिहास विचारीत नाहीं.

याच्या उलट नुकसानहि घरोघर होतें. देव्हाऱ्यांतील जुनें नाणें सणासुदीला चिंच, लिंबू, रांगोळी लावून लखलखीत केलें जातें. त्याबरोबर शतकभरांत चढलेला रंग निघून जातो, आणि त्याच्या वयाचा पुरावाच पुसला जातो. जुनें नाणें कडेला धरून उचलावें, कोरड्या मऊ कागदांत ठेवावें, घांसूं मात्र नये. परदेशच्या नातलगांस तें भेट म्हणून धाडण्यापूर्वीं हेंहि ध्यानांत असावें कीं १९७२ च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनें नाणें ही पुरावस्तु ठरते, आणि ती देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीस मनाई आहे.

खोटें नाणें विकणाऱ्याचें खरें भांडवल धातु नव्हे, घेणाराची घाई हें असतें. ‘आजच घ्या, उद्यां मिळणार नाहीं’ असें जो म्हणतो त्याला ‘उद्यां भिंग आणि काटा घेऊन येतों’ एवढेंच उत्तर द्यावें. अस्सल नाण्यानें दोन-तीन शतकें वाट पाहिलेली असते. एका दिवसानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं.