टर्बो बदलण्यापूर्वी

कोळगावची भाजी मनोरला नेताना जुनी डिझेल गाडी वाघोबा खिंडीत ओढत नाही, काळा धूर टाकते? लगेच टर्बोला दोष देऊ नका. आधी हवेचा फिल्टर आणि रबरी होज पाहा. होज फाटला तरी हेच होते.

निळा धूर असेल तर मात्र गाडी रेटू नका. टर्बोतून गळणारे ऑइलच ओढून इंजिन बेफाम फिरू शकते, मग किल्ली काढूनही थांबत नाही! इंजिन थंड झाल्यावर होज काढून टर्बोचा दांडा बोटाने हलवा. पाती कवचाला घासतात? टर्बो गेला.

बहुधा तो ऑइल न पोचल्याने जातो. तेव्हा ऑइल व फिल्टर बदला, ऑइलची बारीक नळी नवीच घाला. (मेकॅनिक 'धुऊन चालेल' म्हणेल, ऐकू नका.) गाडी सुरू करण्यापूर्वी नव्या टर्बोत थोडे ऑइल ओता, कोरडा फिरला तर तोही लवकरच जाईल.