एक लाउडस्पीकर, दोन ॲम्प्लिफायर

घरीं संगीत ऐकण्यासाठीं घेतलेल्या कित्येक चांगल्या लाउडस्पीकरांच्या पाठीमागें तारा अडकविण्याचे दोनांऐवजीं चार पेंच असतात. एक जोडी खर्ज काढणाऱ्या वूफरची, दुसरी तार स्वर काढणाऱ्या ट्वीटरची. दोन्ही जोड्या पितळी पट्ट्यांनीं एकमेकींस जोडलेल्या असतात. त्या पट्ट्या काढून प्रत्येक जोडीस निराळा ॲम्प्लिफायर लावणें, यास बाय-ॲम्पिंग म्हणतात.

एका स्नेह्यांनीं मला विचारलें, "पेटीवर ८ ओम लिहिलें आहे. पट्ट्या काढल्यावर प्रत्येक जोडीचे १६ ओम होतील कीं ४?" प्रश्न दिसतो तितका भाबडा नाहीं, पुष्कळ जाणकारहि येथें चकतात.

ओमांत मोजला जाणारा हा इंपीडन्स, म्हणजे संरोध, जितका कमी तितका प्रवाह अधिक. २० व्होल्टांवर ८ ओममधून २.५ अँपियर जातात, ४ ओममधून ५. मात्र ८ ओम हें केवळ नांव आहे. संरोध स्वरागणिक बदलतो. खर्जांत एके ठिकाणीं तो बराच चढतो, आणि कोठें ६.४ पर्यंत उतरला तरी आंतरराष्ट्रीय मानकास तें चालतें.

आतां पेटीच्या आंत पाहूं. समजा, ट्वीटरच्या वाटेवर १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे. सेकंदास २००० कंपनांच्या स्वराला तो सुमारें ८ ओमचा अडथळा करतो, तर १०० कंपनांच्या खर्जाला सुमारें १६० ओमचा. वूफरच्या वाटेवरील तारेचें वेटोळें नेमकें उलट वागतें. म्हणून ८ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडूनहि पेटीचे ४ ओम होत नाहींत. प्रत्येक स्वराला मुख्यतः एकच दार उघडें असतें. पट्ट्या काढल्या तरी दारें तींच राहतात. वूफरच्या ॲम्प्लिफायरला खर्जांत पूर्वींचेच सुमारें ८ ओम भेटतात. ट्वीटरच्या ॲम्प्लिफायरला त्याच खर्जांत १६० भेटतात, आणि २० व्होल्टांवर जेमतेम ०.१३ अँपियर द्यावा लागतो. स्नेह्यांचे १६ नाहींत आणि ४ हि नाहींत.

भार वांटला जातो हें खरें. परंतु ५० वॅटचे दोन ॲम्प्लिफायर मिळून १०० वॅट झाले, हा हिशेब मला तरी पटत नाहीं. दोघांसहि संपूर्ण संगीताचा व्होल्टदाब उभा करावाच लागतो, आणि त्या दाबाची मर्यादा पूर्वीं होती तेथेंच येते. ती खरोखर टाळावयाची, तर स्वरांची विभागणी ॲम्प्लिफायरच्या आधींच केली पाहिजे व पेटींतील कंडेन्सर-वेटोळीं बाजूस सारलीं पाहिजेत. तें घरगुती काम नव्हे. शिवाय दोन्ही ॲम्प्लिफायर सारख्याच पटीनें आवाज वाढविणारे हवेत. नाहीं तर तंबोऱ्याची जवारी कानांस टोंचूं लागेल.

पट्ट्यांविषयीं मात्र हयगय नको. वीज बंद करून दोन्ही पेट्यांच्या मिळून चारहि पट्ट्या आधीं काढाव्या. त्या राहिल्या तर दोन ॲम्प्लिफायरांचीं तोंडें थेट एकमेकांस भिडतात. त्यांचा आंतला संरोध अगदीं अल्प असतो. दोघांचा मिळून ०.१ ओम धरला, तर १ व्होल्टच्या तफावतीनेंहि १० अँपियर वाहूं पाहतात. हा प्रवाह स्पीकरमधून जात नसल्यानें ऐकूं कांहींच येत नाहीं; जळका वास तेवढा येतो.