सैन्य प्रशिक्षणार्थी, मद्यपान आणि आत्महत्येचा धोका

अग्निपथ योजनेत (2022) साडेसतराव्या वर्षापासून सैन्यात प्रवेश मिळतो. जळगाव-धुळ्याचा युवक नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात जातो, तेव्हा तो राज्याच्या सर्वसाधारण मद्यविषयक वयोमर्यादेहून लहान असू शकतो: बिअरसाठी 21, तीव्र मद्यासाठी 25 वर्षे. त्यामुळे या वयातील मद्यपान बहुधा चोरूनच होते. घरचा दुरावा, कठोर शिस्त आणि ‘नापास होऊन गावी कसे जावे’ ही लाज यांवर दारू तात्पुरता उतारा वाटते. प्रत्यक्षात ती नैराश्य वाढविते, आत्मसंयम सैल करते व आत्मघाताचा धोका वाढविते. शिक्षेच्या भीतीने मदतही मागितली जात नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (2017) आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र तणावग्रस्त मानून त्याच्या उपचाराची जबाबदारी शासनावर सोपविली. ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. प्रशिक्षणातून परतणे म्हणजे नामुष्की नव्हे, हे विद्यार्थ्यास भरतीपूर्वीच सांगणे प्राध्यापकांचे कर्तव्य ठरते.