पात्यावरचे नाव आणि पात्यातले पोलाद

घडीचा चाकू विकत घेताना तुम्ही काय पाहता? पाते चकचकीत आहे का, मूठ हातात नीट बसते का आणि किंमत किती, एवढेच ना? मग पात्यावर कोरलेली अक्षरे दिसतात : ‘स्टेनलेस’, ‘सर्जिकल स्टील’, नाहीतर नुसता ‘४४०’ हा आकडा. वाटते, चाकू चांगलाच असणार. पण महिन्याभरात तो साध्या पेन्सिलीवरूनही घसरू लागतो. असा बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा धोक्याचा, कारण त्यावर जास्त जोर द्यावा लागतो आणि तो निसटला की थेट बोटावर येतो.

मग ती अक्षरे खोटी होती का? गंमत अशी, की ती अगदी खरी असू शकतात! खरी असूनही ती फसवतात कशी, हे समजण्यासाठी आपल्याला पोलादाच्या आत डोकवावे लागेल.

कार्बनची करामत

शुद्ध लोखंड मऊ असते. त्याला धार लावली तरी ती लगेच दुमडते. त्यात थोडा कार्बन मिसळला की त्याचे पोलाद होते. चाकूच्या चांगल्या पोलादात साधारणपणे अर्धा ते एक टक्का कार्बन असतो. पण तेवढ्याने भागत नाही. लोहार विळा घडवून झाल्यावर तो लाल होईपर्यंत तापवतो आणि चटकन पाण्यात बुडवतो. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. त्या वेळी नेमके काय घडते?

लाल तापलेल्या पोलादात लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि अणूंमधल्या जागांत कार्बनचे अणू शिरतात. पोलाद सावकाश निवू दिले, तर ते तेथून बाहेर पडतात. एकदम थंड केले, तर त्यांना निसटायला वेळच मिळत नाही. ते आतच अडकतात. त्यामुळे सारी मांडणी ताणली जाते आणि पोलाद फार कठीण होते. पण त्याबरोबर ते ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा थोडेसे, सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो. चाकूला दोन्ही हवेत.

न कापणारा चाकू

जुन्या लोखंडी विळीवर कैरी चिरली की पाते काळे पडते, हे तुम्ही पाहिले असेल. आंबट रसाची लोखंडावर क्रिया होते. हे टाळण्याचा उपाय इंग्लंडमधील शेफील्ड या चाकू-सुऱ्यांच्या गावी सापडला. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली हे शास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद गंजत नाही, व्हिनेगर आणि लिंबाचा रसही त्याला सहजी डागाळत नाही, असे त्यांना आढळले. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो. तोच पोलादाचे रक्षण करतो.

पण गावातल्या कारागिरांनी या पोलादाला जुन्याच पद्धतीने पाणी दिले आणि चाकू बिघडले. ‘न कापणाऱ्या चाकूचा संशोधक’ अशी ब्रिअर्ली यांची थट्टा झाली! या पोलादाला कितपत तापवायचे हे उमगल्यावर त्याचेच उत्तम चाकू होऊ लागले. पोलाद तेच, फरक फक्त पाणी देण्याचा.

आकड्यांचे कोडे

आता पात्यावरची अक्षरे पुन्हा वाचू या. ‘स्टेनलेस’ याचा अर्थ एवढाच, की पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम आहे. कार्बनबद्दल तो शब्द मुका आहे. घरातली स्टीलची ताटवाटीही स्टेनलेसच. पण तिच्यात कार्बन इतका थोडा असतो, की तिला पाणी देऊन कठीण करता येत नाही. ‘सर्जिकल स्टील’ या नावाला तर ठरलेले असे काही प्रमाणच नाही.

आणि ४४०? या नावाची तीन पोलादे आहेत. ४४०-ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०-बी मध्ये ०.७५ ते ०.९५ आणि ४४०-सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के असतो. पुढचे अक्षर गाळले, तर आकडा खरा राहतो आणि खरी माहिती मात्र लपते.

काही स्वस्त चाकूंवर ‘३ सीआर १३’ किंवा ‘८ सीआर १३’ अशी चिनी पद्धतीची नावे असतात. ती उलगडणे सोपे आहे. पहिला अंक कार्बनचा, टक्क्याच्या दहाव्या भागांत. ‘सीआर १३’ म्हणजे क्रोमियम सुमारे १३ टक्के. आता तुम्हीच सांगा, दोहोंपैकी जास्त कठीण कोणते होऊ शकेल?

‘होऊ शकेल’ असेच म्हणायचे. कारण पाणी कसे दिले, ते नावात नसते. ते कळते रॉकवेल मापनात. हिऱ्याचे शंकूसारखे टोक १५० किलोग्रॅम भाराने पोलादावर दाबतात आणि ते किती खोल रुतले ते मोजतात. खिशातल्या चांगल्या चाकूंचा आकडा बहुधा ५५ ते ६० च्या दरम्यान असतो.

नावाची चोरी

छाप पाहून फसण्याची गोष्ट नवी नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील झोलिंगेन गावचे काही हलके चाकू ‘शेफील्ड’ असा छाप मारून विकले जात. अशा तक्रारींमुळे ब्रिटनने १८८७ साली कायदा केला. परदेशी मालावर ब्रिटिश नाव असेल, तर तो कोठे बनला हेही लिहिणे भाग पडले. पुढे झोलिंगेनचा माल इतका नावाजला, की १९३८ साली जर्मनीला त्याच गावाच्या नावाच्या रक्षणासाठी कायदा करावा लागला!

मग प्रामाणिक उत्पादक ओळखावा कसा? जो पडताळून पाहता येईल अशी माहिती देतो, आणि मालाची उणी बाजूही सांगतो, तो. फ्रान्समधील ओपिनेल हा लाकडी मुठीचा साधा, स्वस्त चाकू १८९० पासून बनतो. तो दोन प्रकारच्या पोलादांत मिळतो. कार्बनचे पाते ओले ठेवले तर गंजते, हे उत्पादक स्वतःच सांगतो.

तुम्हीच परीक्षक

दोन चाकूंची तुलना तुम्हालाही करता येईल. मात्र मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच. आधी लोहचुंबक लावा. पात्याला तो चिकटायला हवा. पण तो चांगल्या-वाईट दोन्ही पात्यांना चिकटतो, म्हणून त्यावरून निकाल देऊ नका. दोन्ही चाकूंना एकाच माणसाकडून, एकाच कोनात धार लावून घ्या. मग खोक्याच्या एकाच पुठ्ठ्याच्या सारख्या पट्ट्या कापा. दर दहा पट्ट्यांनंतर वर्तमानपत्राचा कागद कापून पाहा. कागद फाटू लागला, की त्या चाकूच्या पट्ट्यांची संख्या लिहून ठेवा. हाच प्रयोग तीनदा करा आणि सरासरी काढा.

धार, कोन आणि पुठ्ठा सारखे ठेवले, म्हणजे उरलेला फरक बराचसा पोलादाचा आणि त्याला दिलेल्या पाण्याचा. ते आकडे पात्यावरच्या नावाशी ताडून पाहा. ज्याचे नाव मोठे, त्याच्याच पट्ट्या जास्त भरल्या का?