घरगुती वनौषधी : ओळख, माप आणि मर्यादा

प्रस्तावना :

घरगुती औषधोपचाराचा विचार करताना वर्धा जिल्ह्याला एक स्वतंत्र पार्श्वभूमी लाभलेली आहे. महात्मा गांधींनी सेवाग्राम आश्रमात माती, पाणी व आहार यांवर आधारलेल्या उपचारांचे प्रयोग केले आणि १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील बंदिवासात आरोग्यविषयक पुस्तकाच्या लेखनास आरंभ केला. त्याच सेवाग्रामात १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. घरचा उपचार आणि रुग्णालय यांत विरोध मानण्याचे कारण नाही, हे या एका गावावरूनही ध्यानात यावे. घरगुती औषधी आजच्या कुटुंबाला सुलभ व सुरक्षित कशी होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय विवेचन :

पुलगावसारख्या गावात तुळस, अडुळसा, गवती चहा, कोरफड या वनस्पती आजही अंगणात आढळतात. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे उत्तम हळद तर जिल्ह्यातच पिकते. उणीव आहे ती मापाची. 'चिमूटभर', 'बोटभर' ही मापे वडीलधाऱ्या स्त्रीच्या हाताला ठाऊक होती. तो हात घरात नसला की कृती उरते आणि प्रमाण हरवते.

वास्तविक आपल्या परंपरेत मापाचा उत्कृष्ट नमुना आहे. बाळगुटी देताना हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळतात आणि प्रत्येकाचे किती वेढे घ्यायचे हे ठरलेले असते. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही वेढे मोजता येतात. वजनकाट्याविना मात्रा ठरविण्याची ही रीत अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने पाहावयास हवी. मात्र रीत चांगली म्हणून गुटी निर्धोक ठरत नाही. जायफळ जास्त झाल्यास बाळाला गुंगी येते. वेखंडातील असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेत १९६८ मध्ये त्याच्या खाद्यवापरावर बंदी आली. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ स्तनपानाची शिफारस करते. तेव्हा या वयात गुटी नको, आणि एक वर्षापर्यंत मधही नको, असेच प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. (सहाण धुण्याच्या पाण्याचा प्रश्न तर वेगळाच!)

माप निश्चित झाले की घरगुती उपाय किती दूर जातो, याचे उदाहरण जुलाबावरील साखर-मिठाचे पाणी होय. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ मध्ये निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार-शर्करा द्रावण रुग्णांच्या आप्तांच्या हाती सोपविले आणि मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले.

मापाआधी ओळख येते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमधील यकृतदाहाची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. कोणाचाही पक्ष ग्राह्य धरला तरी गृहिणीपुरता निष्कर्ष एकच निघतो : न ओळखलेली वेल काढ्यात घालू नये आणि ओळखलेली वेलही महिनोन्‌महिने घेऊ नये. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने परिसरातील वनस्पतींवर नावाच्या पाट्या लावल्या, तरी हे काम पुष्कळसे सोपे होईल.

'झाडपाल्याने अपाय होत नाही' हा समज तर सोडावाच लागेल. अडुळशातील वासिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचे आधुनिक औषध विकसित झाले. ज्या पानात असे सामर्थ्य आहे ते निष्क्रिय कसे असेल? हेच द्रव्य गर्भाशयाचे आकुंचन घडविते. म्हणून गर्भवतीने अडुळसा टाळावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हळदीच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत; भाजीतील हळदीला हरकत नाही.

मर्यादेविषयी थोडक्यात इतकेच की, दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, थुंकीतून रक्त, श्वास लागणे, जुलाबात बाळाचे डोळे खोल जाणे किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसताच काढ्याचे पातेले उतरवून रुग्णास दवाखान्यात न्यावे आणि घरी काय-काय दिले ते डॉक्टरांना न संकोचता सांगावे.